माऊलीच्या कोमट पापण्या

खाडीकाठच्या कांदळशेत गावी निवांतनाथ महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट. देवी माऊलीच्या जत्रेला पाच दिवस उरले होते. जत्रेच्या सकाळी देवीच्या दगडी मूर्तीचे डोळे नव्याने रेखायचे, आणि तो मान सगुणा चितारणीचा. सासूच्या सासूपासून चालत आलेला!

पण यंदा सगुणेच्याच पापण्या लाल होऊन सुजल्या. कडांना कोंडा धरला. सकाळी उठावं तर डोळे चिकटलेले.

दाजी गुरवांनी तिला भर देवळात गाठलं. "स्वतःचे डोळे उघडेनात, आणि ही देवीचे उघडणार! जत्रेला अशीच राहिलीस तर कुंचला मी धरीन. मग मान कायमचा गेला म्हणून समज."

वर देवीच्या काजळाची डबी पुढे केली. आल्यागेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत एकाच बोटाने ते काजळ घालायची तिथली रीतच होती.

सगुणा रडत महाराजांकडे आली. महाराज म्हणाले, "बाई, आधी ते काजळ बंद."

"अहो, पण ते देवीचं!"

"मग देवीच्याच डोळ्यांत राहू दे की! तू हात स्वच्छ धू. पाणी उकळून कोमट होऊ दे. त्यात धुतलेलं फडकं पिळून मनगटाला लावून बघ, मग मिटल्या पापण्यांवर ठेव. गार झालं की पुन्हा. नंतर कडा हलक्या हाताने पूस. एका डोळ्याचं फडकं दुसऱ्याला नाही. सकाळ-संध्याकाळ कर. नामासारखंच आहे हे, कंटाळायचं नाही."

दाजींच्या कानावर हे गेलं मात्र, ते खो खो हसले. "गरम पाण्याने डोळे उघडत असतील तर देवळं कशाला? न्हाणीघरातच बसवा देव!"

सगुणेने चार दिवस नेमाने केलं. सूज उतरली, खाज थांबली. आणि जत्रेच्या सकाळी बघते तर काय, पापण्या पुन्हा चिकटलेल्या! तिकडे ढोल घुमायला लागला. महाराज तिच्या ओटीवर बसले होते.

"ओढून उघडू का हो?"

"ओढू नकोस. फडकं ठेव. माऊली थांबेल."

"माऊली थांबेल, पण दाजी?"

"तेही थांबतील," महाराज हसले.

देवळात दाजींनी कुंचला उचललाच! आधाराला डावा हात देवीच्या मुखावर टेकला, आणि चटका बसावा तसा मागे घेतला. दगड कोमट होता! देवीच्या पापण्या ओल्या होत्या, कडेचं वर्षाचं काजळ स्वच्छ पुसलेलं होतं. आणि गाभाऱ्याची किल्ली तर दाजींच्याच कमरेला!

कुंचला हातातून गळून पडला.

तेवढ्यात महाराजांच्या मागोमाग गर्दीतून सगुणा आली. डोळे कसे टपोरे, निवळलेले! तिने खाली पडलेला कुंचला उचलला, धुतला, आणि दोन रेषांत माऊलीने डोळे उघडले. काय तो जयघोष झाला!

दाजींनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. महाराजांनी त्यांना उठवलं, निरखून पाहिलं. "दाजी, तुमच्याही पापण्या लाल दिसतात."

"दोन महिने झाले, महाराज. सांगायची लाज वाटत होती."

"मग जी जाणते तिलाच विचारा."

आणि भर जत्रेत दाजी गुरव वळले, सगुणेपुढे वाकले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, पाणी किती कोमट घ्यायचं, ते सांगशील का?"