गुद्रुनबाईंचं नॉकिंग

“…हात अडकतो म्हणजे नक्की काय होतं?” बाईंनी विचारलं.

“अडकतो. पुढे जातच नाही.”

आस्गरनं उजवा हात टेबलावर ठेवला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

आस्गर म्हणजे डेन्मार्कचा बॅडमिंटनपटू, दोनदा जगज्जेता. जकार्तात अख्खं स्टेडियम त्याचं नाव घेऊन ओरडायचं. क्वालालंपूरचे टॅक्सीवाले त्याच्याकडून भाडं घ्यायचे नाहीत. आणि बाई म्हणजे गुद्रुनबाई, ऐंशीच्या घरातल्या. समुद्राकाठच्या एका लहानशा गावात शाळेच्या हॉलमध्ये शिकवायच्या. आस्गरच्या हातात पहिली रॅकेट दिली ती त्यांनीच.

तिकडे गुरूलाही नावानं, एकेरीच हाक मारतात. पण मला हे मराठीत सांगायचंय, आणि माझी जीभ रेटत नाही.

“सरावात अडकतो?”

“सरावात काही नाही. पंच ‘प्ले’ म्हणाला की संपलं. एका हातात शटल, दुसऱ्यात रॅकेट, समोरचा वाट बघतोय… आणि हाताचा दगड.”

“कुठली सर्व्हिस?”

“साधी. जाळीवरून अलगद पलीकडे टाकायची ती. शाळेतली पोरं करतात, बाई.”

“डॉक्टर?”

“झाले. मानसतज्ज्ञही झाला. श्वास मोजायला लावतो. मागच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलो. लोक हसले.”

“हं.”

“मला कधी कुणी हसलं नव्हतं.”

बाई वाकून बुटांच्या नाड्या बांधायला लागल्या.

“रविवारी कोपनहेगनला शेवटची स्पर्धा. मग रॅकेट खाली ठेवणार. आई येणार आहे बघायला, सगळं गाव येणार आहे. आज संध्याकाळपर्यंत नाव मागे घेता येतं… घ्यावं म्हणतो. गुडघा दुखतो असं सांगेन.”

“मग इकडे कशाला आलास?”

“एवढंच विचारायला. भीती कशी जाते?”

“मला काय ठाऊक?” बाई उठल्या. “चल, खेळू.”

आस्गरला हसू आलं. जरा राग पण आला. दोनदा जगज्जेता झालेला माणूस. आजीबाईंबरोबर टपटप करायला तो दोनशे किलोमीटर गाडी हाकत आला नव्हता.

“बाई, खरा सामना खेळायला तुम्हाला जमणार आहे का?”

“ते बघू. आधी नॉकिंग.”

सामन्याआधी दोघे खेळाडू एकमेकांना सोपे फटके देतात, अंग मोकळं करून घेतात, ते नॉकिंग. घटकाभरानं एकमेकांच्या जिवावर उठणारी माणसं तेवढ्यापुरती अगदी प्रेमानं वागतात. या खेळाची मला ही एक रीत फार आवडते.

“माझा खांदा गेलाय,” बाई म्हणाल्या. “उंच काही देऊ नकोस. जाळीपाशी, अलगद, माझ्या रॅकेटवर आणून ठेव. आणि दर वेळी सुरुवात तूच कर.”

शाळेच्या त्याच हॉलमध्ये, आस्गरच्या पाठीमागे बाकावर गावातली म्हातारी मंडळी थर्मासमधली कॉफी पीत बसली होती. दर मंगळवारी खेळायला येणारी. गावात जगज्जेता आलाय म्हणून त्यांनी कपसुद्धा खाली ठेवले नव्हते.

आस्गरनं शटल टाकलं. बाईंच्या रॅकेटच्या वीतभर अलीकडे पडलं.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “आखूड पडलं.”

पुढचं बरोबर पडलं. बाईंनी ते हळूच कोपऱ्यात सारलं.

“वा, बाई!”

तो वाकून शटल उचलायचा, पुन्हा टाकायचा. बाईंचा खांदा कुठवर उचलतो, पाय कुठे पोचतो, डोळ्यांना नीट दिसतं की नाही, सगळं बघत होता. एकदा त्यांच्या बुटाची नाडी सुटली. जाळीखालून जाऊन यानं ती बांधून दिली.

मध्येच मागून पुठ्ठा उलटल्यासारखा आवाज यायचा. त्याचं लक्ष नव्हतं.

“बाई, आता सुरू करू या सामना.”

“थांब रे. अजून अंग गरम नाही झालं.”

तो देत राहिला. बाई सारत राहिल्या. बाहेर वारा सुटला होता. छपराचे पत्रे वाजत होते…

एक शटल रेषेवर पडलं. बाकावरून टाळ्या आल्या.

“झालं,” बाई म्हणाल्या. रॅकेट काखेत धरून त्यांनी जाळीवरून हात पुढे केला.

“काय झालं?”

“सामना. हरलास तू.”

आस्गर मागे वळला.

बाकाच्या टोकाला होल्गर बसला होता, गावचा निवृत्त पोस्टमन. त्याच्या मांडीवर पुठ्ठ्याचे आकडे उलटायचा गुणांचा फलक. बाईंच्या नावाखाली एकवीस. आस्गरच्या नावाखाली… जाऊ दे.

होल्गरनं कप खाली ठेवला आणि मान लववली. रीतसर.

आस्गरचे कान लाल झाले.

“पण आपण सुरूच कुठे केलं होतं?”

“तुझ्या पहिल्या सर्व्हिसला.”

“ही लबाडी आहे!”

“आहेच.”

“आणि सर्व्हिस जो गुण जिंकतो त्याची असते. सगळ्या मीच कशा…”

तो थांबला.

“सगळ्या तूच,” बाई म्हणाल्या.

तो आपल्या हाताकडे बघत राहिला.

मग हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्यानं, मग खाली फरशीवर बसून. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. बाकावरची मंडळीही हसली, आणि या वेळी त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. किती महिन्यांनी छातीवरचा धोंडा उतरला होता! नुसता श्वास घ्यायलासुद्धा गंमत वाटत होती.

खिशातला फोन त्यानं बाहेर काढला, पाहिला, आणि कुणालाच न लावता तसाच परत ठेवला.

बाई कोट चढवत होत्या. बटण सापडत नव्हतं. आस्गर उठला, त्यानं ते लावून दिलं. लावता लावता मध्येच त्याची बोटं थबकली.

“पण बाई… रविवारी पंच असणार. उंच खुर्चीवर. तो ‘प्ले’ म्हणणार. म्हणणारच.”

“म्हणू दे बापड्याला,” बाई म्हणाल्या. “त्याचं कामच आहे ते.”