कृपया मोठ्या पडद्यावर पाहा

आमचे नगराध्यक्ष दिनकरराव ताकवले यांना केबिनमधल्या भिंतभर स्क्रीनचा भारी माज. टँकर मागवायची वेबसाइटसुद्धा त्यांनी त्याच स्क्रीनच्या मापानं करून घेतली. मोबाईलवर उघडली की टँकरचं बटणच पडद्याबाहेर! आणि आमच्या तहानलेल्या गल्ल्यांत बायकांच्या हाती मोबाईलशिवाय दुसरं आहे काय?

वेबसाइट करणारी हसीना अत्तार म्हणाली, "साहेब, जावास्क्रिप्टनं पडद्याची रुंदी मोजता येते. लहान पडदा असला तर मांडणी बदलू."

"मोजता येते ना? मग लहान पडदा दिसला की पाटी दाखव, 'कृपया मोठ्या पडद्यावर पाहा.' मोबाईलवाल्यांसाठी माझी शोभा घालवू नकोस."

हसीनाची कानशिलं तापली. पण "बरं," एवढंच बोलून ती निघून गेली.

उद्घाटनाला भर मंडपात साहेबांनी कळ दाबली. मागच्या अवाढव्य पडद्यावर एकच ओळ उमटली, 'कृपया लहान पडद्यावर पाहा.' समोरच्या बायकांच्या मोबाईलवर मात्र टँकरचं बटण ठसठशीत दिसत होतं.

"हा काय चावटपणा आहे?" साहेब कडाडले. "एवढा पडदा असून मी बघायचं कशावर?"

"हाच सवाल या बायका तुम्हाला विचारणार होत्या," हसीनाचाही आवाज चढला. "त्यांच्यासाठी तुम्ही जे उत्तर ठरवलं होतं, तेच तुम्हाला दिलंय. दुसरा पडदा आणा!"

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या म्हातारीनं आपला तडकलेला मोबाईल साहेबांपुढे धरला.

"घ्या, यावर बघा. पण आधी माझा टँकर मागवा."