काळजावरची वाटी

पूर्वी वेत्रवन नगरात पृथुकर्ण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्मले होते. तेव्हा त्यांचं नाव सोमिल. नाडीवर त्यांचा हात असा बसला होता, की मनगट धरलं की काल काय खाल्लं ते सांगत, आणि घरात भांडण झालं असेल तर तेही सांगत. त्यामुळे नगरातले बरेच नवरे त्यांच्या दारावरून जाताना हात उपरण्याखाली ठेवत.

त्या नगरात न्यायाची एक तऱ्हा होती. चोरीचा संशय आला की माणसाला फळीवर उताणं निजवायचं. तांब्याची वाटी पाण्यानं काठोकाठ भरून त्याच्या छातीवर, डाव्या अंगाला ठेवायची. त्यानं श्वास रोखायचा आणि राजपुरोहितानं वीसपर्यंत मोजायचं. थेंब सांडला तर तो चोर. नेसत्या वस्त्रानिशी हद्दपार. का, तर पाप्याचं काळीज उड्या मारतं. ज्यानं हा शोध लावला तो स्वतः कधी फळीवर निजला नव्हता. शोध लावणारे सहसा निजत नाहीत.

वाटी ठेवण्याचा आणि निकाल सांगण्याचा मान सोमिलांच्या घराण्याकडे होता. त्यासाठी एक गाव इनाम होतं. गावात भात पिके, तूप होई, आणि खोटं कशाला बोला, बोधिसत्त्वांनाही तूपभात आवडे.

एकदा राजाचा लाडका हंस नाहीसा झाला. तळ्याकडे दोनच दारं उघडत होती. एक राजाच्या स्वयंपाकघराचं, दुसरं हंस सांभाळणाऱ्या तितिलच्या झोपडीचं. म्हणून मुख्य आचारी घृतक आणि म्हातारा तितिल, दोघांनाही फळीवर आणलं.

आधी घृतक निजला. म्हणजे खरोखरच निजला. पुरोहिताचे वीस आकडे संपले तेव्हा वाटीतलं पाणी आरशासारखं होतं, आणि वाटी उचलताच तो घोरू लागला. त्याला हलवून उठवावं लागलं.

"झालं का?" तो म्हणाला. "मग मी वरणाकडे बघतो."

तितिलची तऱ्हा वेगळी. कुणाच्याही लेकीची पाठवणी असो, हा बापाच्या आधी रडायचा. शेजारची गाय व्याली तरी याच्या छातीत धडधड. लोक चिडवत, "तितिलबाबा, पलीकडच्या आळीत बेडूक वारलाय, येता का रडायला?" आणि हा खरंच विचारी, "कधी?"

बोधिसत्त्वांनी त्याचं मनगट धरलं. नाडी सशासारखी पळत होती.

"बाबा, हंस कुठं आहे?"

"वैद्यराज, ठाऊक असतं तर त्याला कडेवर घेऊनच आलो असतो. पिलू होता तेव्हापासून माझ्या पांघरुणात वाढलाय तो."

एवढं बोलून त्याला हुंदका आला. वाटी ठेवली; पुरोहित तीन म्हणेपर्यंत पाणी म्हाताऱ्याच्या बरगड्यांवरून खाली गेलं. सगळे सोमिलांकडे बघू लागले. त्यांनी एकच शब्द उच्चारायचा होता. सत्तर वर्षांचा तितिल मग त्याच पावली रानात गेला असता, आणि पहिल्या पावसाळ्यापर्यंतही टिकला नसता.

बोधिसत्त्वांनी वाटी उचलून बाजूला ठेवली. बारा वर्षांत त्यांनी अकरा वेळा तो शब्द उच्चारला होता. अकराही मनगटं धरली होती, आणि ही नाडी भिण्याची आहे, एवढ्यावरून चोरी ठरत नाही, हे बोटांना तेव्हाच कळलं होतं. बोटांना कळलेलं तोंडापर्यंत यायला बारा वर्षं लागली. वाटेत तूपभात होता.

"महाराज," ते म्हणाले, "आता मला निजवा."

निजवलं. दोनच्या आकड्याला पाणी सांडलं.

"मी तर हंस चाखलासुद्धा नाही," बोधिसत्त्व म्हणाले.

"काय सांगावं," पुरोहित म्हणाला. "वैद्य काहीही उकळून पितात. दोघांनी वाटून खाल्ला असेल."

राजा म्हणाला, "सोमिला, नियमानं तुलाही जावं लागेल."

"जाईन, महाराज. जायच्या आधी आपण एकदा निजावं."

पुरोहितानं नको नको म्हटलं. पण राजाला स्वतःच्या काळजाची खात्री होती, शिवाय दुपार तापली होती आणि फळी गार होती. तो निजला. पुरोहित इतक्या घाईनं मोजू लागला, की सहाच्या पुढं एकदम नऊ आले. बोधिसत्त्व वाकून हळूच म्हणाले, "महाराज, राजकन्या सासरी गेल्या, त्यांचा काही सांगावा?"

वाटी कलली. पाणी सरळ राजाच्या काखेत गेलं. दरबारात हसण्याची सोय नव्हती, म्हणून सगळे खोकले.

राजा तसाच पडून राहिला. मग म्हणाला, "चार महिने झाले. काही नाही."

"मग हे पाणी कुठल्या चोरीचं, महाराज?"

पुरोहितानं लगेच कूस बदलली. "म्हणजे ज्याचं सांडलं नाही तोच चोर. घृतकाला धरा."

"तेही नको," बोधिसत्त्व म्हणाले. "शांत काळीज तपस्व्याचं असतं, तसंच निर्ढावलेल्याचंही. वाटीला त्यातलं काय कळणार? काळीज माया करायला आहे, त्याला साक्षीला उभं करू नये. साक्ष हवी तर उकिरड्याची घ्या."

स्वयंपाकघरामागचा उकिरडा उकरला. राखेखाली हंसाची हाडं निघाली. पिसं मात्र घृतकाच्या उशीत सापडली. टाकून देणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"मऊ होती, महाराज," घृतक म्हणाला. नाडी त्याची तेव्हाही ठीक होती.

राजा सोमिलांकडे वळला. "वाटीला काही कळत नाही, हे तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"बारा वर्षं."

"मग बोलला का नाहीस?"

"गाव जाईल म्हणून."

"गाव गेलं," राजा म्हणाला.

"ते हद्दपार झालेल्या अकरा घरांना द्यावं. आणि घृतकाला घालवू नये. वर्षभर त्यांचा स्वयंपाक त्यानं करावा. हात चांगला आहे त्याचा."

राजानं दोन्ही मान्य केलं. वाटीचा न्याय त्या दिवशी बंद झाला.

घरी बायको सुलसा सगळं ऐकून म्हणाली, "अहो, तूप गेलं तरी ताक आहे अजून," आणि वाटेसाठी शिदोरी बांधली. हद्दपार झालेल्या त्या अकरा जणांना शोधायला बोधिसत्त्व पायी निघाले. नऊ जण भेटले, दोघांची मुलं भेटली. प्रत्येकाला ते हात जोडून म्हणाले, "तुम्ही दोषी आहात हे मला पटलं नव्हतं, तरी मी चोर म्हटलं." एका कुंभारणीनं ओल्या मातीचा गोळा त्यांच्या तोंडावर मारला. त्यांनी डोळे पुसले, उरलेलं वाक्य पुरं केलं आणि तिचं बिऱ्हाड डोक्यावर घेऊन इनामाच्या गावाकडे तिच्यापुढं चालू लागले.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगून पूर्वजन्मीची ओळख पटवली. तो राजा म्हणजे आजचा स्थविर नंदिल. तितिल म्हणजे कथा ऐकताना आत्ता डोळे पुसणारा उपासक भद्रक. पुरोहित म्हणजे सगळ्यांच्या आधी मान डोलावणारा भिक्खू कोष्ठिल. घृतक म्हणजे मागच्या रांगेतला सुप्पक. त्याला कुणी उठवू नका, उठल्यावर सांगा. आणि सोमिल वैद्य म्हणजे मीच. माझ्या त्या जन्मीच्या पारमितेचं, म्हणजे पूर्णत्वाला न्यायच्या गुणाचं, नाव सत्य. ती पुरी करायला मला अकरा घरं चालावं लागलं.