डोळ्याला लावायचा की छातीशी धरायचा

बार्शीत माझा फोटो स्टुडिओ आहे. फोटो काढायला मला कुणी शिकवलं नाही, रोलच्या रोल वाया घालवून मी शिकले. त्यामुळे कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. परवा नवा मिररलेस कॅमेरा घ्यायला भाची कालिंदीला घेऊन सोलापूरला गेले. एकच परवडणार होता, आणि कर्णबधिर मुलांच्या शाळेतलं फोटो काढायचं काम आठवड्यावर आलं होतं.

मी दांडगा कॅमेरा उचलला. कालिंदीने छोटा पसंत केला. त्याचा पडदा वर वळायचा, त्यामुळे तो छातीशी धरूनही समोरचं दिसायचं.

"पडद्यात बघून मोबाइलवाले काढतात," मी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हटलं. "फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावतो. तू मला शिकवणार?"

"नाही गं मावशी." तिने माझा दांडगा कॅमेरा डोळ्याला लावला आणि जरा वेळाने खाली घेतला. "आत्ता मी आवाज न करता काहीतरी बोलले. काय बोलले, सांग."

"तोंडासमोर एवढं धूड धरलंस. ओठ दिसायला नकोत?"

"मग त्या मुलांना तुझं 'हसा' कसं दिसणार?"

दुकानदार हसला. मी गुपचूप छोटा कॅमेरा बांधायला सांगितला.

वीस वर्षं त्या शाळेत जातेय. दरवर्षी मुख्याध्यापिकाबाईंना सुनावून यायचे, की तुमची मेली मुलं हसतच नाहीत. मुलं बिचारी माझे ओठ शोधत बसायची, आणि मी कॅमेऱ्यामागून ओरडत राहायचे.