बत्तिसावा विषय

"बाई, तुम्ही एकदा तोंडानं म्हणा, शाळा बंद झाली तरी चालेल... म्हणाल का?"

शिवलिंगअण्णा उंबऱ्यातच टेकले होते. आत ये असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

शेवंताबाई तव्यावरची भाकरी फिरवत राहिल्या. सतरा नंबरच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला. अण्णा त्याच वर्गातले. पुढे पाच वेळा नगरसेवक झाले, एकदा शिक्षण समितीचे सभापती झाले. गावाला अण्णा, बाईंना शिवल्या.

"माझ्या म्हणण्यानं काय व्हायचंय?"

"वस्ती तुमचं ऐकते. तुम्ही म्हणालात तर मला कुणी बोल लावणार नाही."

"म्हणजे बंद तू करणार, आणि खापर माझ्या डोक्यावर फुटणार."

भांडायला अण्णांच्या अंगात जोर नव्हता. पंचवीस वर्षं बारशाला जाऊन पेढा खायचा, मयताला जाऊन मान खाली घालायची, तुंबलेल्या गटारावर उभं राहून शिव्या खायच्या. माणूस टाचेकडनं झिजतो, चपलेसारखा. सभापती असताना शाळांना नवी बाकं दिली, तेवढंच काय ते सांगण्यासारखं.

"उद्या अकराला सभा आहे," ते म्हणाले. "बत्तिसावा विषय आपल्या शाळेचा. दोन्हीकडं मतं सारखी, माझा हात वर गेला तरच मंजूर, नाहीतर विषय पडला. पक्षाचा निरोप आलाय, बंद करायच्या बाजूनं हात वर कर, नाहीतर यंदा तिकीट विसर."

"कागदात काय लिहिलंय?"

"पोरं कमी झाली म्हणून दुसऱ्या शाळेत घालायची. एवढंच."

"वाचलास?"

अण्णांना हसू आलं.

"तिथं कोण वाचतंय, बाई! सचिव नंबर पुकारतो, सभागृह ओरडतं, वाचला असं समजा, मंजूर! चाळीस विषय चहा यायच्या आत उरकतात."

"पंचवीस वर्षं?"

"...पंचवीस वर्षं."

बाईंनी गॅस बंद केला.

"ये आत. हात धू. जेव."

सकाळपासून पोटात एक कप चहा होता. अण्णांनी हात धुतले, मांडी घातली. बाईंनी पुढ्यात ताट ठेवलं, कडेला मीठ घातलं, पाण्याचा तांब्या ठेवला. वांग्याच्या भाजीचा वास घरभर सुटला होता.

मग बाई समोर बसल्या, आपल्या ताटात वाढून घेतलं आणि भाकरी मोडून खाऊ लागल्या.

अण्णांच्या ताटात नुसतं मीठ.

त्यांनी वाट पाहिली. बाईंची अर्धी भाकरी संपली.

"बाई... मला वाढताय ना?"

"जेवलास असं समज."

शेजारच्या शेडमध्ये माग खडखडत होते. विरोधकांनी भर चौकात चपलांचा हार घातला होता, तेव्हाही अण्णांचे कान इतके तापले नव्हते.

मग त्यांनी पिशवीतून विषयपत्रिकेचा जाड गठ्ठा काढला. चष्मा लावला. पानं उलटून बत्तिसावा विषय काढला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचू लागले.

मुलं बासष्ट.

नवी शाळा हमरस्त्याच्या पलीकडं, अडीच किलोमीटर. रस्ता ओलांडायला पूल... बांधण्याचा विचार आहे.

रिकामी होणारी इमारत दुकानांच्या गाळ्यांसाठी.

शेवटी लिहिलं होतं, स्थानिक नगरसेवकांची लेखी संमती जोडली आहे. त्यांनी पान उलटलं. पत्र मार्चमधलं होतं. खाली सही.

बोट तिथंच थांबलं.

"बाई, ही... ही तर माझीच सही."

बाईंनी उठून त्यांच्या ताटात भाकरी वाढली. भाजी वाढली.

"आता जेव."

अण्णांनी घास मोडला, पण तो तोंडापर्यंत गेला नाही.

"मला ठाऊकच नव्हतं हो. कुणीतरी गठ्ठा पुढं केला असेल, मी करत गेलो असेन..."

बाईंनी तांब्या त्यांच्याकडं सरकवला.

"आता फिरलो तर सगळे दात काढतील. म्हणतील, स्वतःच लिहून दिलं आणि आता उलटला. तिकीटही जाईल. आणि ते गेल्यावर मी काय करू? दुसरं काही येतच नाही मला."

मोडलेला घास त्यांनी परत ताटात ठेवला.

"खरं सांगू का? लढायची ताकदच राहिली नाही आता. लई दमलोय, बाई."

बाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. पहिल्यांदाच.

"दमलास ना? मग उद्या हात खालीच ठेव."