नव्या आवृत्तीचा चित्रकार

संगणकातले प्रोग्राम आपापसांत बोलत, तेव्हाची ही गोष्ट. एका वाचनालयातल्या जुन्या संगणकावर लिनक्स या कार्यप्रणालीचीही जुनीच आवृत्ती होती. पुस्तकांची यादी आणि छपाई हे तिथले दोन प्रोग्राम. अक्षरा नावाच्या मदतनिसावाचून दोघांचंही पान हलत नसे.

एकदा ग्रंथपाल कुमुदताईंनी नव्या आवृत्तीतला चित्रकार नावाचा प्रोग्राम आणला. तो म्हणाला, "मला नवी अक्षराच लागते." संगणकाला नाही म्हणवेना. त्याने जुन्या अक्षराला निरोप दिला आणि नवीला घरात घेतलं. लगेच यादी उघडेना, छपाई अडली. पुस्तकं न्यायला आलेले वाचक ताटकळले.

"हिची भाषाच आम्हाला कळत नाही," यादी म्हणाली.

नवी अक्षरा रडवेली झाली. "माझं काय चुकलं?"

"तुझं नाही, माझं चुकलं," संगणक म्हणाला. "दोन आवृत्त्यांची घरं मी एक करायला गेलो."

कुमुदताईंनी दोन्ही नव्यांना परत पाठवलं, जुन्या अक्षराला बोलावलं. यादी उघडली.

निघताना चित्रकार घुटमळला. संगणक त्याला म्हणाला, "तुझा थोरला भाऊ माझ्याच आवृत्तीतला आहे. सध्या त्याला पाठव. मी सगळाच नवा होईन, तेव्हा तू ये."

"येईन," चित्रकार म्हणाला, "पण तेव्हा या सगळ्यांनाही नवं करून घे."