उजेडाला धरलेले कागद

देवगिरीच्या डोंगरांमागे, शिवना नदीच्या काठी, वाघुळखेडे नावाचे गाव होते. गावाबाहेरच्या मोठ्या चिंचेखाली शाह सबूर बाबांची खानकाह, म्हणजे फकिरांचा मठ, होती. बाबा म्हणजे सूफी अवलिया. सकाळी लोक जमत, बाबा चार शब्द बोलत, आणि तेवढा वेळ चिंचेवरची पाखरेसुद्धा हळू बोलतात असे गावाला वाटे.

बाबांची वचने उतरवून घेण्याचे काम फखरुद्दीन मुंशींकडे होते. त्यांचे अक्षर मोत्यासारखे आणि तोरा अक्षराहून मोठा. त्याच गावात दावल कागदी राहत असे. जुने दोर आणि चिंध्या कुटून, चुन्याच्या पाण्यात भिजवून तो कागद करी. अंगाला चुन्याचा वास येतो म्हणून बिचारा बैठकीत बसत नसे, भिंतीबाहेर उभा राहून ऐके. त्याला वाचता येत नव्हते. ऐकलेले विसरू नये म्हणून हौदातल्या लगद्यातून गवती जाळीवर कागद उचलताना तो दर वेळी बाबांचे एक वचन पुटपुटे, आणि शेवटी म्हणे, "चुकलं असंल तर माफ कर."

एकदा त्याने बाबांच्या ग्रंथासाठी आपल्या कागदांचा गठ्ठा आणला. मुंशींनी वरचा कागद खिडकीशी धरला आणि नाक मुरडले.

"यात शिरा दिसताहेत. बाबांचे शब्द मी असल्या चिंध्यांवर लिहू? आणि हौदापाशी सारखा पुटपुटत असतोस म्हणे. कागदाला कान असतात का रे?"

बैठक हसली. दावल खाली बघत म्हणाला, "कागदाला नसतील जी. मला हायेत."

तो गठ्ठा उचलून निघाला, तेव्हा बाबा म्हणाले, "दावल, हे कागद पुन्हा हौदात कालवू नकोस. जपून ठेव." बाबांनी सांगितले म्हणजे झाले! त्या दिवसापासून त्याने तसला एकही कागद मोडला नाही.

बारा वर्षांनी मुंशींचा ग्रंथ पुरा झाला. त्याच हिवाळ्यात बाबांना झटका आला आणि त्यांची वाचा गेली. ज्यांनी बाबांना कधी पाहिले नव्हते, त्या दूरच्या मुरीदांसाठी, शिष्यांसाठी, आता तो ग्रंथ म्हणजेच बाबा. मुंशी तो घेऊन निघाले, आणि शिवनेच्या डोहात तराफा कलंडला. तिसऱ्या दिवशी गाठोडे सापडले. वरपासून खालपर्यंत पाने कोरी. शाई नदीने पिऊन टाकली होती. आणि लिहिणाऱ्याने पाठ कशाला करावे? मुंशींची सारी भिस्त वहीवर होती. त्यांना धड चार वचनेही आठवेनात.

बाबांच्या बाजेवर कपाळ टेकून ते म्हणाले, "बाबा, तुमचा शब्द माझ्या हातून बुडाला. आता मी काय करू?"

बाबांनी सावकाश हात उचलला आणि भिंतीकडे दाखवले. भिंतीपलीकडे दावल उभा होता. मग कागद धरावा तसा बाबांनी तोच तळवा उजेडाकडे वळवला.

दावल ओशाळत गठ्ठे घेऊन आला. "त्येच शिरा पडलेले हायेत जी."

नदीवर धुके होते. लोकांनी बाबांची बाज बाहेर आणली आणि चिंचेच्या फांद्यांना दोर बांधून कागद ओळीने टांगले. धुक्यातून कोवळे ऊन आले आणि कागदांच्या आरपार गेले. वारा नव्हता, तरी कागद पाण्यात असल्यासारखे हलत होते. बघता बघता त्यांतल्या शिरा जागच्या सरकल्या, एकमेकींना मिळाल्या, वळल्या. अक्षरे झाली! जमिनीवर, लोकांच्या अंगाखांद्यांवर सोनेरी अक्षरे तरंगू लागली. लहानमोठे सगळे ती ओंजळीत घेऊ बघत होते.

मुंशी वाचू लागले, "आपल्या विहिरीचं पाणी गोड आहे, हे..."

"...शेजाऱ्याच्या तोंडून कळू दे," मागून दावलने पुरे केले.

बारा वर्षांचे एकूण एक वचन तिथे होते. शेवटच्या कागदाशी मुंशी थांबले. प्रत्येक वचनाखाली एक ओळ होती, ती त्यांनी आतापर्यंत वाचताना गिळली होती. आता त्यांनी ती मोठ्याने वाचली.

"चुकलं असंल तर माफ कर."

दावल घाबरला. "ते बाबांचं न्हवं जी. माझं हाय. खोडून टाका."

"नाही खोडणार, दावलभाई," मुंशी म्हणाले. "आजपासून ते माझं आहे."

आणि बाबांच्या देखत, साऱ्या गावासमोर, त्यांनी वाकून दावलचे चुन्याने फाटलेले हात आपल्या डोळ्यांना लावले.